रबरी शिक्क्यांनी झटपट निसर्गदृश्याचे शुभेच्छापत्र: मागचे आधी, पुढचे नंतर

या पाठात रबरी शिक्के वापरून निसर्गदृश्य असलेले शुभेच्छापत्र कमी वेळात कसे तयार करायचे, ते आपण पाहणार आहोत. त्यासाठी चित्रकला यायलाच हवी असे नाही. शिकवण्याच्या दृष्टीने मला हा विषय आवडतो, कारण अभियांत्रिकी आरेखनाच्या तासाला मुलांना जे कोरडे वाटते (क्षितिजरेषा, प्रमाण, दाब, कामाचा क्रम) ते इथे दहा मिनिटांत कागदावर दिसते. विज्ञान, वाणिज्य, कला अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हे जमेल.

आधी गरज काय ती स्पष्ट करू. आमच्या विभागात निरोप समारंभाच्या वेळी शेवटच्या वर्षाची मुले प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातील कर्मचारी, मेसमधल्या मावशी आणि फाटकावरचे काका यांना एकेक कार्ड देतात. एकूण २४ कार्डे, हाताशी संध्याकाळ एकच आणि वर्गणीतले उरलेले पैसे थोडे. चार वर्षे ज्यांनी वेळीअवेळी कुलूप उघडून दिले त्यांच्या हातात दुकानातले तयार कार्ड ठेवायचे मुलांच्या जिवावर येते. प्रत्येक कार्ड कुंचल्याने रंगवायला बसले तर निम्मीही होत नाहीत. शिक्के वापरले तर होतात. अडचण एवढीच की शिक्क्यांची बरीचशी कार्डे 'इथे झाड, तिथे पक्षी, वर सूर्य' अशी दिसतात. चित्रे कागदावर उमटतात, पण देखावा तयार होत नाही, कारण त्यात खोली नसते.

मग तीनच शिक्क्यांत, काही मिनिटांत, खोली कशी आणायची? मागची वस्तू आधी उमटवायची आणि फिकट ठेवायची. पुढची नंतर आणि गडद. छंद म्हणून शिक्के वापरणाऱ्यांत याच्या उलट क्रम जास्त प्रचलित आहे: पुढची वस्तू आधी, मग ती झाकून मागची. तो क्रम कधी लागतो तेही पुढे येईल. पण झटपट काम हवे असेल तर झाकाझाकी जितकी टळेल तितकी टाळावी, असे माझे मत आहे.

शाई आणि कागद

शिक्क्यांच्या शाया मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात रंगद्रव्य द्रवात पूर्ण विरघळलेले असते. ती कागदाच्या तंतूंत शिरते, लवकर वाळते आणि पारदर्शक असते. तिला डाय इंक म्हणतात. दुसऱ्या प्रकारात रंगाचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. ते कागदाच्या वर बसतात, सावकाश वाळतात आणि खालचा रंग बराचसा झाकतात. ही पिगमेंट इंक. आपल्या पद्धतीला पहिली शाई हवी. पारदर्शक शाईचे थर एकावर एक चढले की प्रत्येक थर थोडा प्रकाश शोषतो, त्यामुळे गडदपणा वाढत जातो. फिकट निळ्या डोंगरावर काळे झाड उमटवले तर डोंगर झाडाखाली दडून जातो, तो झाकण्याची गरजच पडत नाही. उलट गडद डोंगरावर फिकट झाड उमटवायला गेलात तर झाड दिसणारच नाही.

कार्यालयातले नेहमीचे स्टँपपॅड चालेल का, असा प्रश्न दरवर्षी येतो. चालते, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या शाईत ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असते, म्हणून पॅड लवकर सुकत नाही. पण त्याच कारणाने ती शाई कागदात शोषली गेली तरच वाळते. चकचकीत लेप असलेल्या कागदावर ती तशीच ओली राहते आणि बोट लागले की पसरते. म्हणून लेप नसलेला, गुळगुळीत, जाडसर पांढरा कागद घ्यावा. २०० ते २५० जीएसएमचा कागद घडीही नीट घेतो आणि उभाही राहतो.

माप सोपे आहे. ए४ कागद (२१० × २९७ मिमी) मध्ये आडवा कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाची घडी घातली की सुमारे १०५ × १४८ मिमीचे कार्ड मिळते. ते सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) बसते. घडीवर कागद तडकत असेल तर तो उलट्या दिशेने कापला गेला आहे. कागदातले तंतू एका दिशेला जास्त असतात. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेला कमी विरोध जाणवेल त्या दिशेने घडी घाला.

देखावा थेट कार्डावर उमटवू नका. वेगळ्या कागदावर ९५ × १३८ मिमीचा तुकडा कापून त्यावर उमटवा आणि नंतर कार्डावर चिकटवा. भोवती पाचेक मिमीची पांढरी चौकट आपोआप मिळते. मोठा फायदा दुसराच आहे. शाई खोडता येत नाही, पण बिघडला तर फक्त तुकडा टाकायचा, कार्ड शाबूत राहते. ए४ मधून असे चार तुकडे निघतात. बिघडण्याची भीती कमी झाली की हातही मोकळा चालतो.

सह्याद्रीतली संध्याकाळ

उदाहरणासाठी पुण्याहून मुंबईकडे जाताना घाटात दिसणारा देखावा घेऊ: एकामागे एक डोंगरांच्या तीन रांगा, मावळता सूर्य, पुढे एक झाड. डोंगरांसाठी शिक्का लागतच नाही. फाडलेला कागद, स्पंजाचा तुकडा आणि निळे स्टँपपॅड पुरते.

साधा झेरॉक्सचा कागद आडवा फाडा. तंतूंच्या दिशेने फाडला तर कड जवळजवळ सरळ येते; तंतूंना आडवा फाडला तर ती वेडीवाकडी, दातेरी येते. इथे दोन्ही कामी येतात. सह्याद्रीचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या आडव्या थरांतून झिजून तयार झाले आहेत, म्हणून त्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे असतात. दख्खनच्या या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. तेव्हा कड फाडताना लांब आडवी रेघ, मग एकदम उतार, पुन्हा आडवी रेघ असे करावे. उत्तराखंडच्या किंवा हिमाचलच्या विद्यार्थ्याने हिमशिखरांसाठी दातेरी कड घ्यावी, उदयपूरच्या विद्यार्थ्याने अरवलीसाठी झिजलेली गोलसर. आपल्या भागाची कड आपल्या हाताला जास्त ओळखीची असते, आणि कार्ड घेणाराही ती चटकन ओळखतो.

सर्वात आधी सूर्य. तो आकाशापेक्षा उजळ हवा, म्हणून त्याची जागा राखावीच लागते. स्टिकी नोटच्या चिकट भागावर नाणे ठेवून गोल काढा, कापा आणि तुकड्यावर चिकटवा. आता स्पंजावर पिवळी शाई घ्या. स्पंज थेट चित्रावर टेकवू नका, डाग पडतो. आधी बाजूच्या रफ कागदावर गोल फिरवत सुरुवात करा आणि तसेच फिरवत कडेवरून आत या. क्षितिजाजवळ पिवळा, त्याच्या वर नारिंगी, त्यावर थोडा गुलाबी. त्याच्याही वर निळा हवा असेल तर तो गुलाबीला भिडवा, पिवळ्याला नाही. निळा आणि पिवळा मिळून हिरवट आकाश होते. वर गडद आणि क्षितिजाकडे उजळ हा क्रम खऱ्या आकाशाचा आहे, कारण क्षितिजाकडे पाहताना नजर हवेच्या कितीतरी जाड थरातून जाते.

जपानी लाकूडठसा चित्रांत असाच उतरता रंग दिसतो. हिरोशिगेच्या १८३३-३४ सालच्या तोकाइदो मार्गावरील चित्रमालेत आकाश आणि पाणी अशा रंगाने भरले आहे. तिथे छपाई करणारा कारागीर ठशावरचा ओला रंग प्रत्येक प्रतीसाठी हाताने कमीजास्त करत असे. आपला स्पंज त्याच कामाचे गरिबाघरचे रूप.

आता गोल काढून घ्या. फाडलेला कागद असा ठेवा की आकाश झाकले जाईल आणि फाटलेली कड डोंगराची माथारेषा होईल. स्पंजाने कागदावरून खाली, कडेवरून चित्राकडे, निळी शाई हलकेच ओढा. माथ्याशी रंग जास्त आणि खाली येताना विरळ होऊन संपला पाहिजे. दरीतले धुके म्हणजे हाच न रंगवलेला कागद. मग कागद १२-१५ मिमी खाली सरकवा, थोडा बाजूलाही, नाहीतर दोन्ही रांगांचा आकार तंतोतंत सारखा येईल आणि फसवणूक उघडी पडेल. दुसरी रांग आधीपेक्षा गडद, तिसरी त्याहून गडद.

किती गडद? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. आपण आणि डोंगर यांच्यामधली हवा सूर्यप्रकाश विखुरते आणि तो उजेड डोंगराच्या रंगावर चढतो. त्यामुळे दूरचा डोंगर आकाशाच्या उजळपणाकडे झुकत जातो. कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये याचा नियम मांडला: डोंगर आणि आकाश यांच्यातील उजळपणाचा फरक अंतराबरोबर घातांकी पद्धतीने घटतो. म्हणजे रांगा सारख्या अंतरावर असतील तर प्रत्येक मागच्या रांगेला फरक ठरावीक पटीने कमी होतो, ठरावीक रकमेने नाही. याचे हाताशी येईल असे रूप मी वर्गात असे सांगतो: सर्वात मागच्या रांगेला स्पंजाचे चार हात, तिच्या पुढच्या रांगेला आठ, तिच्या पुढच्या रांगेला सोळा. अचूक गणित नाही हे, पण चार, सहा, आठ असे वाढवलेत तर रांगा एकमेकींना चिकटून बसतात, हे तुम्ही स्वतः करून पाहा. तीन रांगा पुरतात. चार फार झाल्या. पाचवीला शाईत जागाच उरत नाही.

शेवटी काळ्या शाईत झाडाचा शिक्का, बुंधा तुकड्याच्या खालच्या कडेजवळ. त्याच्या पायाशी गवताचा शिक्का दोनतीनदा, आणि वर तीन पक्षी. पक्षी पाचसहा झाले की डोळा तिकडेच जातो.

झाड हवेत का तरंगते

बहुतेक कार्डे इथे बिघडतात आणि का बिघडली ते कळत नाही, म्हणून थोडे थांबू. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, प्रत्यक्षात सारख्याच उंचीच्या वस्तूंना क्षितिजरेषा सारख्याच प्रमाणात छेदते. माणसांचे उदाहरण घ्या. तुम्ही मैदानात उभे आहात आणि समोर तुमच्याच उंचीची माणसे जवळ-दूर उभी आहेत. क्षितिज सगळ्यांच्या डोळ्यांवरून जाईल, मग चित्रात ती लहान असोत की मोठी.

झाडांचेही तसेच. समजा चित्रात झाड ४० मिमी उंच आहे आणि त्याचा बुंधा क्षितिजाखाली १० मिमीवर टेकला आहे. म्हणजे क्षितिज झाडाच्या खालच्या पाव भागावरून जाते. आता दूर तशाच झाडाचा २० मिमीचा शिक्का उमटवायचा असेल तर त्याचा बुंधा क्षितिजाखाली ५ मिमीवर हवा. पण तुमच्याकडे झाडाचा एकच शिक्का आहे, ४० मिमीचा, आणि तोच तुम्ही ५ मिमीवर टेकवलात. मग डोळा हिशेब करतो की झाड दुप्पट दूर आहे, तरी तेवढेच मोठे दिसते, म्हणजे ते दुप्पट उंच आहे. बुंधा क्षितिजाच्याही वर गेला तर सपाट जमिनीवर त्याला उभे राहायला जागाच नाही आणि झाड तरंगते.

उपाय दोन. एकच शिक्का असेल तर सगळी झाडे जवळजवळ एकाच रेषेवर उमटवा. नाहीतर दूरच्या झाडाचा बुंधा दाखवूच नका: शिक्क्याच्या फक्त वरच्या भागाला शाई लावा आणि तो भाग पुढच्या डोंगराच्या माथ्यामागून डोकावतो आहे असा, पुढचा डोंगर रंगवण्यापूर्वीच, उमटवा. शाईही कमी हवी. त्यासाठी शिक्का आधी एकदा रफ कागदावर उमटवायचा आणि पुन्हा शाई न लावता चित्रावर. हा दुसरा ठसा फिकट येतो. एकाच पॅडमधून दोन छटा मिळवण्याची ही सर्वात स्वस्त युक्ती आहे.

झाकणे केव्हा लागते

वरची सगळी पद्धत भरीव आकाराच्या शिक्क्यांची आहे, म्हणजे सावलीसारख्या पूर्ण भरलेल्या आकारांची. शिक्का नुसत्या रेषांचा असेल, जसे झोपडीची बाह्यरेषा, तर मागच्या डोंगराची रेष झोपडीच्या भिंतीतून आरपार दिसेल. तिथे क्रम उलटा करावा लागतो. झोपडी आधी उमटवा. तीच स्टिकी नोटवर पुन्हा उमटवून कापून घ्या, रेषेच्या किंचित आतून; बाहेरून कापली तर झोपडीभोवती पांढरी कड राहते. ती मूळ ठशावर चिकटवा आणि वरून डोंगर उमटवा. एका कार्डाला हे ठीक आहे. चोवीस कार्डांना हे करत बसलात तर संध्याकाळ कापण्यातच जाईल. म्हणून शिक्के विकत घेताना किंवा कोरताना भरीव आकार निवडावेत.

पाण्यातले प्रतिबिंब

केरळच्या बॅकवॉटरचा किंवा कोकणातल्या खाडीचा देखावा असेल तर वाकलेला माड आणि पाण्यात त्याचे प्रतिबिंब हवे. बरेचजण शिक्का १८० अंशांत फिरवून खाली उमटवतात. सरळ खांबाला ते चालते. माड उजवीकडे वाकलेला असेल तर फिरवल्यावर तो डावीकडे वाकतो, आणि प्रतिबिंब खोटे वाटते. कारण असे: १८० अंशांत फिरवणे म्हणजे वर-खाली आणि डावे-उजवे अशी दोन्ही उलटापालट. पाणी फक्त वर-खाली उलटते.

तेव्हा आणखी एक उलटापालट करून डावे-उजवे परत मिळवावे लागते. सपाट, कोऱ्या रबराचा तुकडा घ्या (मोठा खोडरबर किंवा सायकलच्या ट्यूबचा स्वच्छ सपाट भाग). शिक्का त्यावर उमटवा आणि शाई ओली असतानाच तो तुकडा कागदावर दाबा. कागदावर आरशातला माड मिळतो. दाबताना तुकडा १८० अंशांत फिरवलेला असेल तर हेच पाण्यातले खरे प्रतिबिंब. शाई दोनदा हस्तांतरित झाल्यामुळे ते आपोआप फिकटही येते. वरून कोरड्या स्पंजाने दोनतीन आडवे हात दिले की पाणी हलते.

शिक्का कोठून आणायचा

तालुक्याच्या प्रत्येक गावात कार्यालयांचे शिक्के बनवणारा असतो. त्याला पांढऱ्या कागदावर ठळक काळे चित्र द्या. उलटे करण्याचे काम तो करतो. स्वतः कोरायचे असेल तर मोठा खोडरबर आणि धारदार कटर पुरे. चित्र गडद पेन्सिलीने कागदावर काढा, तो कागद रबरावर पालथा घालून घासा; चित्र रबरावर उलटे उतरते, म्हणजे ठसा सुलटा येईल. कटर आकाराच्या बाहेरच्या बाजूला तिरका धरा, म्हणजे उरलेल्या भागाचा पाया रुंद राहतो आणि दाबल्यावर तो लवंडत नाही. कोरताना दुसरा हात धारेच्या पुढे कधीही ठेवू नका.

अक्षरे मात्र कोरू नयेत, निदान देवनागरी. 'शुभेच्छा' या शब्दात भ आणि च्छ यांच्या पोटातल्या जागा इतक्या लहान असतात की खोडरबरात त्या शाईने भरून जातात. मजकूर शिक्केवाल्याकडून करून घ्या, किंवा सरळ पेनाने लिहा. मला पेनच बरा वाटतो.

नवा शिक्का कधीकधी शाई धरत नाही, थेंब थेंब जमतात. पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला लेप उरलेला असतो. पांढऱ्या खोडरबराने हलके घासले की जातो. भरीव मोठा शिक्का मध्येच पांढरा राहत असेल तर दाब कमी पडतो आहे. तेवढेच बल चौपट क्षेत्रफळावर वाटले की दाब पावपट होतो. उभे राहून, कोपर सरळ ठेवून, शरीराच्या वजनाने दाबा, आणि खाली वर्तमानपत्राच्या पाचसहा घड्या ठेवा. शिक्का डोलवू नका. कडांचे दुहेरी ठसे येतात.

चोवीस कार्डे, एक संध्याकाळ

एक कार्ड पूर्ण करून दुसरे घेऊ नका. आधी चोवीस सूर्य, मग चोवीस आकाशे, मग मागची रांग, असे जा. शाई बदलण्याचा आणि हात पुसण्याचा वेळ चोवीस वेळा जाण्याऐवजी टप्प्यामागे एकदाच जातो. चोवीसावे आकाश होईपर्यंत पहिले वाळलेले असते, त्यामुळे वाळण्यासाठी वेगळे थांबावे लागत नाही. चार जण असाल तर एकाने फक्त आकाश करावे. सराव झालेल्या हाताचे दहावे आकाश पहिल्यापेक्षा नेहमी चांगले येते. राजस्थानात बगरू आणि सांगानेरच्या छपाईतही एका नक्षीची कामे अशीच वेगळी केलेली असतात: बाह्यरेषेचा रेख, आत भरण्याचा दत्ता आणि पार्श्वभूमीचा गद असे निरनिराळे लाकडी ठसे.

टेबलावर जाड पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवून ठेवा आणि प्रत्येक तुकडा त्याच्या कोपऱ्यात बसवा. काटकोनावर पेन्सिलीने खुणा केल्या की डोंगराचा कागद आणि झाडाचा बुंधा दर वेळी योग्य उंचीवर येतो, मोजावे लागत नाही. कागदांत दोन तुकडे जास्तीचे धरा. ए४ च्या हिशेबात कार्डांना १२ कागद लागतात आणि तुकड्यांना ७, म्हणजे चोवीसाऐवजी अठ्ठावीस तुकडे हाती राहतात.

प्रत्येक कार्ड थोडे वेगळे हवे असेल तर फक्त शेवटचा टप्पा बदला: एखाद्यात झाड डावीकडे, एखाद्यात पक्षी नाहीत, ग्रंथालयाच्या काकांना खाडीतला माड. डोंगर आणि आकाश सगळ्यांचे तेच राहू द्या.

काम झाल्यावर शिक्के ओल्या फडक्याने लगेच पुसा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगते. वाळवून, उन्हापासून दूर, रबराची बाजू खाली ठेवून डब्यात भरा. फाडलेले डोंगरही टाकू नका, कडांना शाई लागून ते जाडसर झालेले असतात आणि पुढच्या बॅचला तसेच वापरता येतात.